कामाचा धूर

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. पाण्याचा नव्हे, पाण्याचा असतो तर ही कहाणी ताठ मानेनं सांगितली असती. मी ओढायचा पाइप. तंबाखू भरायची एक लाकडी वाटी, तिला जोडलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला ओठांत धरायचं काळं तोंड, एवढाच माझा पसारा. तुमच्या घरात कुणी टीव्हीवर जुन्या काळाच्या मालिका बघत असेल, तर त्यांनी मला नक्की पाहिलेलं आहे. ओळखणार मात्र नाहीत. मी नेहमी कुणाच्या तरी हातात, संवादाच्या मागे, धुराच्या खाली असायचो.

आत्मवृत्त सांगणारे माझे भाऊबंद, म्हणजे फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, बंद पडलेलं घड्याळ वगैरे मंडळी, शेवटी तुमच्याकडे माया मागतात. त्यांच्यावर अन्याय झालेला असतो. माझ्यावर कुणीही अन्याय केलेला नाही. मला रोज पुसलं, मऊ फडक्यात गुंडाळलं, शर्टाच्या खिशात छातीशी बाळगलं. ज्यांनी बाळगलं त्यांच्या छातीचीच ही गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म एका झुडपाच्या मुळाशी आलेल्या गाठीतून झाला. कारागिरानं ती गाठ वर्षभर सुकवली, कोरली, घासली आणि तळहातावर तोलून म्हणाला, "हा मालकापेक्षा जास्त टिकेल." हे वाक्य मी कितीतरी वर्षं प्रशस्तिपत्रासारखं मिरवलं. मालकाच्या बाजूनं ते कसं ऐकू येत असेल, याचा विचार मी केला नाही. पाइपांना तशी सवय नसते.

माझा पहिला मालक बँकेत साहेब झाला होता आणि साहेबी चेहऱ्यावर उमटत नाही म्हणून त्यानं मला विकत घेतलं. सात दिवसांत त्याच्या आईनं मला बंद केलं. "अरे, धूर बाहेर जायला घराला खिडकी असते, माणसाला नाही," असं ती म्हणाली. तेव्हा मला ती बाई अडाणी वाटली होती. पुढे मी नऊ वर्षं खणात पडलो, मग जुन्या सामानाच्या दुकानात. तिथे मला नानांनी उचललं.

नाना एका टीव्हीच्या स्टुडिओत प्रॉपर्टी सांभाळायचे. प्रॉपर्टी म्हणजे नट हातात जे जे घेतो ते सगळं: कप, पत्रं, तलवारी, फुटणाऱ्या फुलदाण्या, टेलिफोन. नाना किडकिडीत, इस्त्रीच्या शर्टातले, कमी बोलणारे. त्यांच्या खिशात काड्यापेटी कायम असायची, म्हणून सेटवर सगळे त्यांना काडीनाना म्हणत. गंमत अशी, की धुराचा एवढा तिटकारा असलेला दुसरा माणूस त्या स्टुडिओत नव्हता. त्यांचा मेहुणा सिगारेट ओढायचा. तो घरी आला की नाना त्याला गॅलरीत काढायचे. "माझ्या घरात धूर चालणार नाही. बाहेर उभा राहा आणि निवांत भाजून घे स्वतःला."

ज्या मालिकेसाठी त्यांनी मला आणलं ती पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एका न्यायाधीशाची होती. लेखकानं न्यायाधीशाच्या दर दुसऱ्या वाक्याआधी कंसात 'पाइप ओढत' असं लिहिलं होतं. काय लिहावं ते सुचेना की तो मला पेटवायचा. न्यायाधीशाचं काम करणारे नट उंचेपुरे, भारदस्त आवाजाचे होते. पुढे जन्मभर तसल्याच भूमिका मिळाल्यामुळे त्यांना सगळे न्यायमूर्तीच म्हणू लागले. पहिल्या टेकला न्यायमूर्तींनी मला ऐटीत तोंडात धरलं, एक झुरका घेतला आणि न्यायालयाचं कामकाज अर्धा तास तहकूब झालं. काळा झगा धुवायला पाठवावा लागला.

"नकली धूर सोडू या का?" कुणीतरी सुचवलं.

"कॅमेऱ्याला कळतं," दिग्दर्शक म्हणाले. "त्या काळी सगळे ओढायचे. हा धूर लोकांच्या लक्षात येता कामा नये, पण तो असला पाहिजे. अगदी सहज."

त्यावर नाना पुढे झाले आणि म्हणाले, "मग मी पेटवून देऊ का?"

एवढंच. माझ्या सगळ्या कर्तबगारीची सुरुवात या पाच शब्दांतून झाली.

मित्रांनो, तुम्हाला माहीत नसेल आणि नसलेलंच बरं, पण पाइप नुसत्या काडीनं पेटत नाही. काडी वर धरून खालून ओढावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. आणि ओढणं थांबलं की तो विझतो. न्यायमूर्ती तर ओढणार नव्हते. म्हणून पद्धत अशी पडली: दिग्दर्शक तयारीला लागले की नानांनी मला भरायचं, पेटवायचं, चांगला धूर धरेपर्यंत ओढायचं, माझं तोंड रुमालानं पुसायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी न्यायमूर्तींच्या हातात द्यायचं. न्यायमूर्तींनी मला हवेत फिरवायचं, मान डोलवायची, निकाल द्यायचा. कट झालं की नानांनी मला परत घ्यायचं आणि पुढच्या टेकपर्यंत जिवंत ठेवायचं. आधीच्या तुकड्यात धूर असेल तर पुढच्या तुकड्यातही तो हवाच, नाहीतर प्रेक्षक चूक काढतो. त्यामुळे जेवणाची सुट्टी झाली तरी मला सुट्टी नसायची. नाना एक घास घ्यायचे, एक झुरका घ्यायचे. मग पाणी प्यायचे.

मालिका गाजली. मग काय विचारता. न्यायाधीश झाला, मग डॉक्टर, संपादक, प्राध्यापक, गुप्तहेर, दोन कवी आणि एक जहाजाचा कप्तान झाला. माणसं बदलली, मिशा बदलल्या, पाइप मीच. त्या काळची माणसं जेवत होती की नाही हे आमच्या मालिकांवरून कळत नाही, पण ओढत होती हे नक्की. एका वर्तमानपत्रात आलं, 'न्यायमूर्तींच्या पाइप ओढण्यात जी सहजता आहे, तिला तोड नाही.' न्यायमूर्तींना त्यासाठी बक्षीस मिळालं. बक्षीस घ्यायला ते मला हातात घेऊन मंचावर गेले. आईचे आभार मानले, गुरूंचे मानले, मला उंच धरून माझेही मानले. माझ्या वाटीतून छान निळसर धूर निघत होता. पडद्याआड नाना तोंड पुसत उभे होते आणि शेजारच्या प्रकाशवाल्याला म्हणत होते, "बघ, आपला पाइप कसा उठून दिसतोय."

मी फुगलो. मला वाटलं, हा धूर माझा आहे.

नानांच्या घरी रविवारी मालिका लागायची. धूर दिसला की त्यांची बायको म्हणायची, "आला बघा तुमचा सीन." तिला वाटायचं, हे काडी लावून देत असतील, आपण गॅस पेटवतो तशी. नानाही तेवढंच सांगायचे, आणि आपण खोटं बोलतो असं त्यांना वाटत नव्हतं. ओढणं म्हणजे मेहुणा गॅलरीत करतो ते. आपण करतो ते काम.

सोळा-सतरा वर्षांनी नाना खोकायला लागले.

आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका खटल्याच्या सीनमध्ये ध्वनिमुद्रकानं कानावरचा हेडफोन सरकवला. "फाशीच्या निकालात कुणीतरी खोकतंय."

"नाना, खोकला कटनंतर," दिग्दर्शक म्हणाले.

नाना शिकले. टेक सुरू असेपर्यंत ते तोंड दाबून भिंतीला टेकायचे आणि कट झाल्यावर गोदामात जाऊन उरलेला खोकला पुरा करून यायचे. पण खोकल्याला शिस्त किती लावणार. शेवटी दिग्दर्शकांनीच तोडगा काढला. "राहू दे. कोर्टात माणसं बसलेली असतात, एखादा खोकणारच. उलट खरं वाटतं." तो खोकला तसाच प्रसारित झाला. घरी बायकोनं कान टवकारले. "अहो, हा तुमचा ना?" नाना लाजून हसले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा टीव्हीवर आला होता.

जिना चढताना ते मध्ये थांबायला लागले, तेव्हा बायकोनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, नीट विचारून नीट लिहिणाऱ्या होत्या.

"विडी, सिगारेट?"

"नाही."

"पूर्वी कधी?"

"आयुष्यात नाही."

"ह्यांचं काही विचारू नका," बायको म्हणाली. "माझा भाऊ ओढतो तर त्याला गॅलरीत उभं करतात. एकदा आतून कडी लावून दुपारी झोपले. तो बिचारा दोन तास बाहेर."

डॉक्टरीणबाईंनी नाक जरा वर केलं. "वास येतोय कसला तरी."

"तो कामाचा आहे," नाना म्हणाले. "सेटवर धूर असतो."

"आणखी काय असतं?"

"गोदाम असतं. जुनं सामान. धूळ."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं: व्यसन नाही, धूळ आहे. मग छाती तपासायला पुढे झाल्या आणि त्यांची नळी माझ्यावर अडली. "खिशातला चष्मा जरा काढून ठेवा." नानांनी मला फडक्यासकट टेबलावर ठेवलं. माझ्या वाटीत सकाळची राख होती, अजून कोमट. जिथे मी असायचो त्याच जागी त्यांनी नळी टेकवली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मीही ऐकलं. आतून वाळक्या पाचोळ्यावर कुणी हळू चालावं तसा आवाज येत होता. सगळं मला माहीत होतं आणि मी चष्मा होऊन पडून राहिलो. मित्रांनो, मला बोलता येत नाही ही सबब खरी आहे. पण त्या क्षणी मला बोलता येत नाही याचं बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

औषध मिळालं आणि गोदामात तोंडाला फडकं बांधायला सांगितलं. नानांनी ते कसोशीनं पाळलं. धुळीत फडकं बांधायचे. मला ओढायची वेळ आली की ते हनुवटीवर ओढून घ्यायचे.

अशी आणखी वर्षं गेली. एकूण बावीस झाली. मग एका रविवारी दुपारी न्यायमूर्तींची मुलाखत लागली. नाना, बायको आणि मेहुणा समोर बसले होते. मेहुणा नुकताच गॅलरीतून आत आला होता. मुलाखत घेणारी मुलगी हसतमुख होती. तिनं विचारलं, "बावीस वर्षं पाइप ओढताय. फुप्फुसं कशी आहेत?"

"ठणठणीत," न्यायमूर्ती म्हणाले. "मी आयुष्यात कधी ओढलेलाच नाही."

"मग तो धूर?"

"तो आमच्या काडीनानांचा. ते ओढतात, पेटता ठेवतात आणि माझ्या हातात देतात. अभिनय मी करतो, धूम्रपान ते करतात."

टीव्हीतली माणसं खळखळून हसली. टाळ्या पडल्या. मेहुणाही हसला, मग त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि हसू आवरलं. बायकोनं आवाज बंद केला. चित्र चालूच राहिलं. चित्रात न्यायमूर्ती अजून हसत होते.

"अहो, ओढतात म्हणजे?"

"पेटवतो," नाना म्हणाले.

"पेटवता की ओढता?"

"ते एकच आहे."

"एकच कसं असेल? मी रोज गॅस पेटवते. तोंडानं ओढते का?"

मेहुणा चुळबुळला. "ताई, पाइप नुसत्या काडीनं नाही पेटत. आत ओढावंच लागतं. मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला कोण सांगणार? ज्याला माहीत आहे त्याला ह्यांनी बाहेर उभं केलेलं."

"ते काम आहे," नाना म्हणाले. "घरी कधी हात लावलाय मी? सुट्टीच्या दिवशी लावलाय?"

"नाही लावला. पण सुट्टीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांवर का खेकसता ते आज कळलं."

"भाऊजी, मलाही तसंच होतं," मेहुणा हळूच म्हणाला. त्या खोलीत नानांचा याहून मोठा अपमान कुणी केला नसता, आणि बिचाऱ्यानं तो प्रेमानं केला होता.

"डॉक्टरांशी खोटं बोललात," बायको म्हणाली.

"त्यांनी विडी विचारली, सिगारेट विचारली. पाइप विचारला नाही."

बायको उठली, तिनं खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून मला काढलं, फडकं सोडलं आणि माझं तोंड उजेडाकडे धरलं. तिथे दातांच्या दोन खाचा पडलेल्या होत्या. नानांचा पुढचा एक दात तिरपा आहे. तिनं एकदा खाचेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. बावीस वर्षं टिकाऊ म्हणून मिरवणाऱ्या मला वाटलं, आत्ता तुकडे झाले तर बरं. पण मी उत्तम जपलेला होतो.

सोमवारी तिनं मला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. "हा ह्यांचा चष्मा."

डॉक्टरीणबाईंनी वास घेतला आणि जुना कागद काढला. "दिवसातून किती वेळा?"

"सीनवर असतं," नाना खाली बघून म्हणाले. "कोर्टाचा असला तर दिवसभर. प्रेमाचा असला तर एक-दोनदा."

"किती वर्षं?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी 'व्यसन नाही' यावर शांतपणे रेघ मारली. छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. फुंकताना नानांचा चेहरा लाल झाला आणि यंत्राचा काटा जेमतेम जागचा हलला. चार दिवसांनी निकाल आला. "गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवता येईल. पण आजपासून एक झुरका नाही. हौसेसाठी नाही आणि कामासाठी तर मुळीच नाही."

"चालू मालिकेचे सहा भाग बाकी आहेत," नाना म्हणाले.

"तुमच्या छातीत तेवढेही नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सेटवर नानांनी मला पुसून, रिकामंच न्यायमूर्तींच्या टेबलावर ठेवलं. दिग्दर्शकांनी पाहिलं. "नाना, धूर?"

"नाही पेटवणार."

"काड्या संपल्या?"

"काड्या आहेत. मी ओढणार नाही. डॉक्टरांनी बंद केलंय." त्या सेटवर 'नाही' हा शब्द नानांनी तोवर वापरलेला नव्हता, आणि तो वापरल्यावर दुसऱ्या दिवशी बोलावतात की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं.

"अहो, आधीच्या शॉटमध्ये धूर आहे. दोन झुरक्यांचा तर प्रश्न. धूर कुठेतरी मागे दिसणार, कोण बघतंय?"

"कुणी बघत नसेल तर कशाला?" नाना म्हणाले. त्यांनी हे भांडायला म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखरच विचारायचं होतं.

दिग्दर्शक बाकीच्यांकडे वळले. मग म्हणाले, "बरं, दुसरं कुणीतरी पेटवा." तत्क्षणी प्रकाशवाल्याला दिव्यात बिघाड दिसला, ध्वनिमुद्रकानं हेडफोन चढवला, रंगभूषावाल्याला ब्रश धुवायची आठवण झाली. पेटवणं म्हणजे काय हे सगळ्यांनाच माहीत होतं तर. उरले न्यायमूर्ती. त्यांनी मला उचललं, तोंडाजवळ नेलं आणि तसंच धरून नानांकडे पाहिलं.

"त्या मुलाखतीत मी तुमचं नाव घेतलं," ते म्हणाले.

"हो. घरी सगळ्यांनी पाहिलं," नाना म्हणाले. "छान बोललात."

टोमणा असता तर न्यायमूर्तींनी झेलला असता. टोमणा नव्हता. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि दोन बोटांनी दूर सरकवलं.

"मग मी हातांचं काय करू?" त्यांनी दिग्दर्शकांना विचारलं. भारदस्त आवाजाचा तो माणूस एकदम पोरका दिसायला लागला.

उत्तर नानांनी दिलं. "टेबलावर ठेवा, साहेब. नुसते."

न्यायमूर्तींनी हात टेबलावर ठेवले आणि निकाल दिला. एका टेकमध्ये शॉट झाला. धुरासाठी थांबायचं नव्हतं.

तो भाग प्रसारित झाला. आमच्या प्रेक्षकांची नजर फार बारीक. त्या आठवड्यात स्टुडिओत पत्रं आली. खिडकीचा पडदा मागच्या भागात हिरवा होता, असं एकानं कळवलं. न्यायाधीशाच्या मुलीचं कानातलं मध्येच बदललं, असं एका बाईंनी दोन पानं लिहून कळवलं. भिंतीवरचं घड्याळ मागे गेल्याचं तिघांना दिसलं. धूर कुठे गेला, हे एकानंही विचारलं नाही. पुढच्या भागालाही नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. बावीस वर्षांचा धूर गेला आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मित्रांनो, उपेक्षेचं दुःख आमच्या जातीत सगळेच सांगतात. मला उपेक्षेचं दुःख नाही. जे नसतं तरी चाललं असतं, त्यापायी एका माणसाचा अर्धा श्वास गेला आणि मी त्याला माझी कीर्ती समजत होतो, याची लाज आहे.

नानांना कामावरून काढलं नाही. ते आता गोदामात बसून याद्या करतात. जिन्यावर दोनदा थांबतात. मेहुण्याला परवा म्हणाले, "आत बस. पेटवू नकोस, पण बस." मेहुणा बसला.

मालिका संपल्यावर नानांच्या बायकोनं मला डॉक्टरीणबाईंना देऊन टाकलं. आता मी त्यांच्या खणात असतो. नवा पेशंट आला की त्या विडी-सिगारेटचं विचारतात, त्यानं नाही म्हटलं की मला बाहेर काढून टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "कुठल्याही कारणानं धूर छातीत जातो का? स्वतःच्या, दुसऱ्याच्या, पोटापाण्याच्या?" बरेच जण माझ्याकडे बघतात आणि बोलायला लागतात.

तेव्हा मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला फार जपलं गेलं आहे. तुम्ही एवढंच करा. पडद्यावर कुणी ऐटीत धूर सोडताना दिसलं तर त्याच्या मागेपुढे कोण उभं असेल, याचा क्षणभर विचार करा. आणि तुमच्या घरात कुणी खोकत खोकत "काही नाही, कामाचं आहे," असं म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. काम काय करता, कसं करता, ते नीट विचारा. उत्तर लांबलं तरी शेवटपर्यंत बसून ऐका.